म्हशीची घरघर

माझी आत्या फाटलेले स्पीकर दुरुस्त करते. रेडिओ नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही, फक्त स्पीकर. कोणी मिक्सर घेऊन आलं की ती मान वर न करता म्हणते, "गातो का? नाही ना? मग पुढच्या गल्लीत." पन्नास वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मीच तिच्याबद्दल दोनचार गोष्टी बोलणार आहे. मी बोललेलं चालतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. टेबल, ब्लेड, थिनरची बाटली, गोंदाच्या तीन बरण्या. भिंतीला कागदी कोनांच्या चळती, एकात एक घातलेल्या. स्पीकरच्या पुढे जो काळा कागदी पेला दिसतो ना, तो कोन. त्याच्या मागे तांब्याच्या तारेची छोटी कॉइल, आणि ती कॉइल लोहचुंबकाच्या फटीत वरखाली नाचते. फट इतकी बारीक की कॉइल केसभर जरी कलली तरी लोखंडाला घासते आणि स्पीकर घरघरतो. एवढं कळलं तरी पुरे, मला स्वतःला यापेक्षा जास्त कळत नाही. मी कुरिअरची व्हॅन चालवते. एका जागी बसणं मला जमत नाही, म्हणून तर नववीत शाळा सुटली. त्या दुकानात मी दर पाच मिनिटांनी उठून बाहेर जाते आणि परत येते. आत्या म्हणते, "तुझं आतून काहीतरी सैल आहे."

तर आत्या आणि खटपट्या.

खटपट्या म्हणजे गाणारा. खरं नाव पोस्टरवर असतं, पण त्याच्या माणसांत ते कोणी घेत नाही. त्रेचाळीस वर्षं गातोय. बावीस रेकॉर्डी. एकीसारखी दुसरी नाही. एकीत त्याने गिटारला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. एक अख्खी रेकॉर्ड पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसून गायली, आणि शेवटच्या गाण्यात त्याला सर्दी झालेली साफ ऐकू येते. चौदावीत तर गिटारच नाही. शिलाई मशिनी, ड्रिल आणि दोन टाइपरायटर. लोकांनी त्या रेकॉर्डला इतक्या शिव्या घातल्या की तो तीन वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणे. आत्याने ती रेकॉर्ड दोनदा विकत घेतली. एक ऐकायला, एक रागाने.

आत्याचं लग्न झालं होतं. दोन वर्षं टिकलं. नवरा म्हणाला, "मी की तो?" आत्या म्हणाली, "तो असं काही विचारत नाही."

सुरुवात झाली ती फॅक्टरीत. आत्या एकोणीस वर्षांची असताना स्पीकरच्या फॅक्टरीत टेस्टिंगच्या टेबलावर होती. दिवसभर कानाला एकच काम: स्पीकर लावायचा, खालपासून वरपर्यंत सूर सोडायचा, कॉइल घासल्याचा जरासा आवाज आला की तो नापासच्या पेटीत टाकायचा. दिवसाला चारशे स्पीकर. एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधल्या रेडिओवर गाणं लागलं. साधी धून, मागे गिटार, आणि त्या गिटारीखाली एक घरघर. जाड, खरखरीत, म्हैस रवंथ करता करता हंबरावी तशी. बाकीच्या बायका म्हणाल्या, रेडिओ बिघडलाय, बंद करा. आत्याने घास हातात तसाच ठेवला. तिला कळलं की रेडिओ चांगला आहे. पलीकडे कुणाचा तरी स्पीकर नापास आहे, आणि तो नापास स्पीकर गातोय. दुपारनंतर तिने एकही स्पीकर पेटीत टाकला नाही. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी तासभर झापलं.

त्या स्पीकरच्या खोक्याचं नाव पडलं म्हैस. खटपट्याने ते खोकं पंचविसाव्या वर्षी कपाटाच्या दारांतून स्वतः बनवलं, आणि प्रत्येक कार्यक्रमात ते त्याच्या मागे असतं. ते गाणं सुरू झालं की म्हैस घरघरते आणि लोक वेडे होतात.

आत्याच्या दुकानात दर रविवारी सकाळी अकराला खटपट्याची माणसं जमतात, आत्या धरून. नऊ जण. छापखान्यात प्रूफं तपासणारा एक जण, त्याला सगळे प्रूफरीडरच म्हणतात. एक्स-रे विभागातली नर्स. बाकीचे असेच, कोणी कंडक्टर, कोणी निवृत्त. नियम एकच. गाणं चालू असताना बोलायचं नाही, आणि संपल्यावर वाहवा करायची नाही. प्रत्येकाने सांगायचं, आज नवीन काय ऐकलं. काहीच नवीन ऐकलं नाही तर उठून सगळ्यांचा चहा करायचा. एकाच गाण्यात वीसवीस वर्षं ही माणसं नवीन काहीतरी ऐकतायत. मला आधी वाटायचं, चहा टाळायला थापा मारतात. पण आत्याला रविवारी बघावं. बाकीचे सहा दिवस ती दुकानात असते, रविवारी त्याच दुकानात ती घरी असते. आमच्या घरात तिला कोण विचारतं? माझे बाबा, तिचा सख्खा भाऊ, वर्षातून एकदा फोन करतात, तोही चुकून. तिची माणसं म्हणजे हे बाकीचे आठ जण. बस.

यातला प्रूफरीडर सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिकट. घरघर नेमकी कशाने येते यावर त्याचं आणि आत्याचं एकोणीस वर्षं भांडण. तो म्हणायचा, कोनात टाचण्या चिकटवल्यात. आत्या म्हणायची, कॉइल घासतेय. "तुझा धंदा तो, म्हणून तुला सगळीकडे कॉइलच दिसते." "आणि तुला टाचण्या दिसतात, कागद जोडून जोडून."

यंदा खटपट्या आमच्याकडे यायचा होता. अडुसष्ट वर्षांचा झालाय. बावीस वर्षांनी येत होता. नऊ जणांनी एका रांगेत तिकिटं काढली, दहावं माझं. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला.

त्याच दिवशी सकाळी नऊला एक टोपीवाला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून दुकानात आला. चेहरा असा, जसं कडेवर आजारी पोर आहे. म्हणाला, "सामान उतरवताना ट्रॉलीचं हँडल आरपार गेलं. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. दुपारपर्यंत होईल?"

आत्याने चादर बाजूला केली. कोन मधोमध फाटलेला. तिने मागे चुंबकावरचा पेनने लिहिलेला आकडा बघितला, एका रेकॉर्डच्या पाकिटावर म्हशीच्या पाठीचा फोटो आहे त्यात दिसतो तोच, मग खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि साबणाने हात धुतले. तीस वर्षांत मी... म्हणजे माझ्या आठवणीत तरी तिने कामाच्या *आधी* हात धुतलेले नव्हते.

"हा म्हशीचा आहे," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही बसा. नाहीतर नका बसू, एकला या."

टोपीवाला गेला. आत्याने पहिला फोन प्रूफरीडरला केला. तो छापखान्यातून पळत आला, कानावर पेन्सिल तशीच. दोघांनी डोकी जवळ आणून आत बघितलं. टाचण्या नव्हत्या. कॉइल एका बाजूला कललेली आणि त्या बाजूचं लोखंड घासून घासून आरशासारखं चकचकीत झालेलं.

प्रूफरीडर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

एकोणीस वर्षांचं भांडण आणि निकाल एवढाच. आत्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, रडू नकोस. टाचण्या घरी ने."

"हे बघ," तो म्हणाला, "जसं आहे तसं कर. एक केस इकडचा तिकडे करू नकोस."

"मला शिकवतोस?"

आता गंमत ऐका. स्पीकर चांगला करणं आत्याच्या डाव्या हातचं काम. पण तिला हा मुद्दाम बिघडवून बसवायचा होता, आणि बिघाड हुबेहूब तोच पाहिजे होता. कॉइल बसवताना मधोमध राहावी म्हणून ती फटीत चारी बाजूंनी एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या खोचते. नर्स तिला जुन्या फिल्म आणून देते. चार पट्ट्या सारख्या जाडीच्या. त्या दिवशी तिने फाटलेल्या कोनाच्या जागी नवा घेतला आणि एका बाजूची पट्टी पातळ घेतली. गोंद लावला, हेअर ड्रायरने वाळवला, सूर सोडला. घासली, पण जास्त. तिने तोंड वाकडं केलं. "ही म्हैस नाही, ही बकरी." परत थिनर, परत गोंद. दुसऱ्यांदा घासलीच नाही. मी आत-बाहेर करून चपला झिजवल्या. तिसऱ्यांदा सूर खालून वर चढत गेला, आणि मध्यावर आला तशी ती आली. जाड, खरखरीत. टेबलावरच्या बरण्या थरथरल्या.

प्रूफरीडरने डोळे पुसले आणि म्हणाला, "गोंदाचा वास."

मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. बसूनही राहीना, उभीही राहीना. टोपीवाला आला तर त्याला म्हणाली, "मी स्वतः बसवून देणार. माझ्याशिवाय कोणी स्क्रू लावायचा नाही." व्हॅनमध्ये तिने स्पीकर मांडीवर घेतला आणि प्रत्येक खड्ड्याला मला शिवी दिली.

हॉलच्या मागच्या खोलीत खटपट्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं होतं मोठा माणूस असेल. छोटासा आहे. स्वेटर, पायात दोन वेगवेगळे मोजे. आत्याने म्हशीत स्पीकर बसवला, हात पाठीमागे घेतले आणि निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी उभी राहिली.

त्याने गिटारची एकच तार छेडली. घरघर आली. त्याने डोळे मिटले.

"कोणी केलं?"

"मी."

"हुबेहूब आहे."

आत्याचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं.

"तुम्हीही त्यातल्याच का?" तो म्हणाला.

"कशातल्या?"

"माझ्या चाहत्यांतल्या."

"पहिल्यापासूनची."

"वाटलंच," तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतो तसं. "बाई, हा स्पीकर आजपर्यंत सहा वेळा उघडला. प्रत्येक वेळी मी सांगतो, घासतोय, ते घासणं काढा. प्रत्येक वेळी तो परत येतो तो घासतच. सहाच्या सहा जण माझे चाहते निघाले. एक तर माझ्यासमोर रडला, म्हणाला काहीही सांगा, एवढं पाप करायला सांगू नका. आता तुम्ही सातव्या. मी याला निरोप देऊन पाठवलं होतं."

टोपीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

आत्याने पाठीमागचे हात पुढे घेतले. मग म्हणाली, "पण... तुम्हाला आवडायची ना?"

"बावीस वर्षं आवडली. मग कंटाळा आला. तुम्हा लोकांना कंटाळा कसा येत नाही?"

"आम्ही त्यात रोज काहीतरी नवीन ऐकतो."

"तुम्ही ऐकता. मला ऐकू येत नाही. मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येत नाही. सगळं हिच्या पोटात जातं."

"मग दुसरा स्पीकर वापरायचा," मी मध्येच बोलले. मला राग आला होता. माझ्या आत्याची सकाळ अशी मातीत घालायची म्हणजे काय?

"वापरला," तो म्हणाला. "दोन ठिकाणी. लोकांनी गाणं थांबवलं. म्हैस आणा, म्हैस आणा. ही इथेच हवी, दिसली पाहिजे. फक्त घासायला नको. साडेसहाला कार्यक्रम आहे. होईल?"

दोन वाजले होते. आत्याने स्क्रू काढायला घेतले.

परत येताना टोपीवालाही व्हॅनमध्ये बसला. दोन सिग्नल गेले. मग एकदम बोलायला लागला. "त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दोन वर्षांपासून नीट दाबत नाहीत. तार अर्धी दाबली जाते. बद्द वाजते. घरघर आहे म्हणून कोणाला कळत नाही. ती काढली तर तीन हजार माणसांसमोर सगळं उघडं पडेल. हसतील त्याला. मी सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर आहे, मी हे होऊ देणार नाही. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की वेळ पुरला नाही. गोंद वाळला नाही म्हणा. काहीही म्हणा."

"आत्या, बरोबर बोलतोय हा," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं. आपल्या माणसाला कोणी हसू नये, एवढंच मला कळतं.

"तू गाडी चालव."

दुकानात प्रूफरीडर अजून बसून होता, खटपट्या काय म्हणाला ते ऐकायला. आत्याने सांगितलं. त्याने आधी विश्वासच ठेवला नाही. मग उभा राहिला.

"नाही करायचं," तो म्हणाला. "ती घरघर काय त्याची एकट्याची आहे? आपली पण आहे. त्याने केली आणि आपल्याला दिली. दिलेलं परत मागतात का? आपण नऊ जण त्यावर जगलोय इतकी वर्षं."

"हात त्याचे आहेत."

"आणि कान आपले!"

आत्याने स्पीकर टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. वीस मिनिटं बसली. थिनरची बाटली हातात घ्यायची, ठेवायची. ब्लेड उचलायचं, ठेवायचं. मी बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. टोपीवाला आशेने घड्याळाकडे बघत होता. एवढा वेळ असाच गेला असता तर खोटं बोलायचीही गरज पडली नसती. गोंद खरंच वाळला नसता.

सव्वातीनला आत्याने त्याला विचारलं, "घरघर गेली की बोटांचं ऐकू येणार. हे त्याला माहितीये?"

"माहितीये."

"तरी म्हणतो काढा?"

टोपीवाल्याने टोपी काढली, परत घातली. "म्हणतो, चुकतोय कुठे तेच ऐकू येत नाही तर सुधारू कसं."

आत्या हसली. म्हणजे आवाज हसण्याचा आला. "अडुसष्टाव्या वर्षी सुधारायचं म्हणतोय," ती म्हणाली, आणि थिनरच्या बाटलीचं बूच उघडलं.

"तू हे केलंस ना," प्रूफरीडर म्हणाला, "तर रविवारी मी येणार नाही. मी एकटा नाही, कोणीच येणार नाही. मी सांगणार सगळ्यांना."

तिचा हात थांबला. मी बघितलं, थांबला. तिला नीट माहीत होतं तो काय म्हणतोय. आठवड्यातला एक दिवस जाणार होता, आणि तो गेला की मागे फक्त सहा दिवस दुकान उरणार होतं.

"सांग," ती म्हणाली. "जाताना तो पंखा इकडे वळव. हवा पाहिजे गोंदाला."

त्याने पंखा वळवला. मग गेला.

तिने मधला गोंद थिनरने सोडवला, पातळ पट्टी काढून फेकली, चारी बाजूंनी सारख्या जाडीच्या खोचल्या. कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या त्या फिल्मवर. टोपीवाल्याच्या हातात हेअर ड्रायर दिला आणि त्यानेही तो धरला, पूर्ण दीड तास, हात बदलत. बिचारा. साडेपाचला पट्ट्या ओढून काढल्या, वर गोल झाकण चिकटवलं आणि सूर सोडला. खालून वर, वरून खाली. काही नाही. स्वच्छ. आत्याने तीनदा ऐकलं. मला वाटलं, मनातून तिला वाटत असेल कुठेतरी अजून घासावं.

सहाला तिने तो म्हशीत बसवला. खटपट्याने एक तार छेडली, मग सगळ्या. बराच वेळ वाजवत राहिला. मध्येच एक तार बद्द वाजली. तो थांबला, तीच परत वाजवली, परत बद्द.

"ही का," तो स्वतःशीच म्हणाला. मग आत्याकडे बघून म्हणाला, "आता भीती वाटतेय."

"मलाही," आत्या म्हणाली.

हॉल भरला होता. आमच्या रांगेत प्रूफरीडर सगळ्यात पलीकडे बसला, आमच्याकडे पाठ करून. नर्सने विचारलं, काय झालं, तर आत्या म्हणाली, "पोट बिघडलंय त्याचं."

ते गाणं सातवं आलं. म्हशीवर दिवा पडला तसे लोक ओरडायला लागले. त्याने सुरुवात केली. स्वच्छ गिटार. आधी कोणाला कळेना. वाटलं, काहीतरी जोडायचं राहिलं. मग हाका सुरू झाल्या, "म्हैस! म्हैस!" तो वाजवत राहिला. तिसऱ्या ओळीला तार बद्द वाजली. तीन हजार माणसांना ऐकू आली.

तो थांबला. "पुन्हा," म्हणाला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच बद्द. मागून कोणीतरी शिट्टी मारली. एक जण मोठ्याने हसला. मी उठून मागे वळले आणि त्याला जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. आत्याने मला शर्टाला धरून खाली बसवलं. तिची पकड अशी होती की शिवण उसवली.

तिसऱ्यांदा त्याने हळू सुरू केलं. फार हळू. त्या जागेवर आला, आणि ते बोट वापरलंच नाही. अंगठा वरून वळवला, दुसऱ्याच तारेवर गेला, आणि धून जिथे नेहमी खाली उतरते तिथे ती बाजूला वळली. बावीस रेकॉर्डींत अशी कुठेच वळलेली नाही. तिथून त्याने ती कशीबशी परत आणली. घाम फुटला होता त्याला. संपलं तेव्हा अर्धे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि अर्धे दवाखान्यात बसल्यासारखे गप्प. आमच्या रांगेतली शेवटची खुर्ची रिकामी होती.

त्याने आत्याचं नाव घेतलं नाही, आभार मानले नाहीत. टोपीवाल्याने निघताना लांबून हात केला. तो रागावलाय की काय, कळलं नाही.

रविवारी अकराला फक्त नर्स आली. तिलाही प्रूफरीडरने सांगितलं होतं. म्हणाली, "मी भांडायला आलेय." भांडली आणि गेली. पुढच्या रविवारी कोणीच नाही. आत्या दिवसभर दुरुस्त झालेले स्पीकर परत उघडत होती. गोंदाच्या बरण्या घासल्या. ज्या बरण्या कधीच घासायच्या नसतात त्या. मला म्हणाली, "तू का बसलीयेस? तुला कंटाळा येतो ना?" मी म्हटलं, येतो. बसून राहिले.

सोमवारी मी छापखान्यात गेले, प्रूफरीडरला जाब विचारायला. म्हटलं, तुमच्या घरघरीचं एवढं आणि माझ्या आत्याचं काहीच नाही? तो कागदावरून मान न उचलता म्हणाला, "तिने आम्हाला विचारलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही तरी त्या म्हाताऱ्याला कधी विचारलं होतं?" त्याच्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा मी ढकलला की तो आपोआप पडला, यावर अजून वाद आहे.

नर्सने त्या दिवशीचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तिच्याकडून ते कंडक्टरकडे गेलं, त्याच्याकडून बाकीच्यांकडे. मला हे माहीत नव्हतं, आत्यालाही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी दुकानात होते. आत्या एका मोठ्या स्पीकरचा कोन दाबून बसली होती, दोन्ही हातांनी, गोंद धरेपर्यंत. हात सोडला तर कॉइल कलणार. माझा फोन वाजला. प्रूफरीडर.

"तिला दे."

मी फोन तिच्या कानाला लावला.

"दुसऱ्यांदा चुकला ती तिसरी तार नव्हती," तो कसलाही नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला. इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू आलं. "सगळे म्हणतायत तिसरी. चौथी होती."

आत्याचे डोळे बारीक झाले. "चौथी? तुझे कान काय प्रेसमध्ये गेले का दाबून? चौथी बद्द वाजली तर खालचा सूर राहील का?"

"मी अकरा वेळा ऐकलंय!"

"मी समोर बसून ऐकलंय! तू पळालास तेव्हा!"

मग तो म्हणाला, "अंगठ्याने जे वळवलं... ते तू ऐकलंस नीट?"

"ऐकलं."

"मी दारात होतो," तो म्हणाला. "ते आवडलं असं मी म्हणत नाहीये."

"कोणी विचारलंय तुला? तारेचं बोल."

मला डिलिव्हरीला उशीर होत होता. मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि निघाले. व्हॅनपर्यंत दोघांचं ओरडणं ऐकू येत होतं. संध्याकाळी परत आले तेव्हा माझ्या फोनची बॅटरी संपली होती, स्पीकर टेबलावर तसाच वाळत पडला होता आणि आत्या दुकानात नव्हती. शेजारच्या शिंप्याला विचारलं तर म्हणाला, "छापखान्यात जाते म्हणाली. काहीतरी भांडण अर्धं राहिलंय म्हणे."